कंपनी म्हणते २४, गाडी देते १७ : कारचं खरं ॲव्हरेज, खरा खर्च आणि दिग्रसच्या उन्हा-पावसात गाडी सांभाळण्याचं गणित

दिग्रस : गाडी नवी असो की जुनी, दारात उभी राहिली की पहिला प्रश्न एकच असतो, "किती देते?" शोरूमवाला सांगतो चोवीस. विकणारा शेजारी सांगतो बावीस. आणि दोन महिने गाडी वापरली की लक्षात येतं, सतराच्या वर काटा जात नाही. मग संशय कधी पेट्रोल पंपावर जातो, कधी मेकॅनिकवर, तर कधी गाडीच खराब निघाली म्हणून डोक्याला हात लावला जातो.

तालुक्यात आता चारचाकी ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. कापूस-सोयाबीनचे पैसे आले की अनेक घरांत जुनी का होईना, कार येते. लग्नकार्य, मुलांची परीक्षा, बाजार समितीची कामं यासाठी ती लागते. रात्री-अपरात्री कोणाला छातीत दुखलं तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत नेणारी गल्लीतली एकमेव गाडीही बहुतेक वेळा तीच असते. अशी गाडी दारव्ह्याच्या पुढं बंद पडली तर ते नुसतं पैशाचं नुकसान राहत नाही. म्हणून ॲव्हरेज आणि देखभाल या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

जाहिरातीत जो आकडा असतो तो कंपनीने मनाने लिहिलेला नसतो. पुण्यातली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६) किंवा तिच्यासारखी मान्यताप्राप्त संस्था गाडीची चाचणी घेऊन तो प्रमाणित करते. पण ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या पद्धतीने गाडी चालवतात. साधारण २० मिनिटांची ही चाचणी असते. त्यात सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त वेग ९० असतो. खोलीचं तापमान २५ अंशांच्या जवळ राखलेलं असतं. एसी बंद असतो. खड्डा नाही, गतिरोधक नाही, चढ नाही, समोरून येणारी बैलगाडी नाही.

आता आपल्याकडचं चित्र पाहा. मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर, एसी पूर्ण जोरात, गाडीत पाच माणसं, डिक्कीत सामान, अर्धा रस्ता डांबरी तर अर्धा उखडलेला. अशा वेळी कंपनीच्या आकड्यापेक्षा २० ते ३० टक्के कमी ॲव्हरेज मिळणं ही गाडीची खोट नव्हे. चोवीसवाल्या गाडीने सतरा-अठरा दिलं तर ते नेहमीचं समजावं. चौदा-पंधरावर आली तर मात्र कारण शोधावं.

कंपनीच्या आकड्याचा उपयोग एवढाच, की दोन गाड्यांची आपसात तुलना करता येते. दोन्हींची परीक्षा एकाच पद्धतीने झालेली असते. घरखर्चाचा हिशोब मात्र त्या आकड्यावर मांडू नये.

ॲव्हरेज काढायची बिनचूक पद्धत

"पाचशेचं टाकलं, ऐंशी किलोमीटर गेली" हा हिशोब खरा नाही. टाकीत आधी किती होतं आणि नंतर किती उरलं हेच माहीत नसतं. खरी पद्धत टाकी फुल्ल करण्याची आहे.

पंपावर टाकी फुल्ल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून ठासून भरायला सांगू नका. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. मग नेहमीसारखी गाडी वापरा. निदान तीनशे-चारशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, नोझल बंद होईपर्यंत टाकी भरा. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढंच पेट्रोल मधल्या प्रवासात जळलं.

उदाहरणार्थ, पहिल्यांदा मीटर ४२,३१० होता आणि दुसऱ्यांदा ४२,७४२. म्हणजे गाडी ४३२ किलोमीटर चालली. दुसऱ्या वेळी २७ लिटर बसले. ४३२ भागिले २७, ॲव्हरेज आलं १६. एका वेळच्या आकड्यावर निकाल देऊ नका. अशा तीन टाक्यांची सरासरी काढा. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा अनेक गाड्यांत थोडा चढाच असतो, त्यामुळे वहीतला हिशोब खरा.

ही वही फार कामाची असते. दर महिन्याला सतरा-साडेसतरा देणारी गाडी अचानक पंधरावर आली तर गाडी काहीतरी सांगते आहे असं समजावं. चाकात हवा कमी असेल, ब्रेक चिकटत असेल, क्लच प्लेट घसरत असेल किंवा एखादा सेन्सर बिघडला असेल. आवाज यायच्या आधी बिघाड वहीत दिसतो.

पंपावर शंका आली तर वाद घालण्यापेक्षा हक्क वापरा. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे. ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्यापेक्षा कमी भरलं तर तक्रार करता येते. पहाटे थंडीत भरलं की पेट्रोल जास्त येतं, या समजुतीत मात्र फारसा दम नाही. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-दुपार फारसं बदलत नाही.

ई-२० पेट्रोल : भीती किती, खरं किती?

गेल्या काही वर्षांत ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार वाढली त्यामागे एक खरं कारण आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ऊस, मका, तांदूळ यापासून तयार होणारं हे इथेनॉल. २०३० चं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं आणि ते गाठलंही.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचातला एक भाग इथेनॉलचा असेल तर एकूण ऊर्जा सहा-साडेसहा टक्क्यांनी घटते, हे साधं गणित आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातही हेच दिसतं. इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० वर जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तर ई-१० साठी बनवून ई-२० वर जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्क्यांनी, असा अंदाज त्यात दिला होता. म्हणजे जुनी गाडी १८ देत असेल तर ती १७ च्या आसपास येणार. अठराची बारा झाली असेल तर दोष इथेनॉलला देऊन भागणार नाही, गाडी तपासावी लागेल.

साधारण एप्रिल २०२३ पासून आलेल्या गाड्यांचे पाईप, रबर, सील ई-२० ला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी मालकाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघावं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही बऱ्याचदा स्टिकर असतं. जुन्या गाडीत सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे रबरी पाईप आणि सील मुद्दाम पाहायला सांगा. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर "नंतर बघू" म्हणू नका, त्याच दिवशी दाखवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि गाडी झटके देते किंवा बंद पडते. पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट आहे ना ते पाहावं. गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर अधूनमधून चालवावी. तेच पेट्रोल टाकीत महिनोन् महिने पडू देऊ नये.

पेट्रोल पितो कोण? सवयी

गाडीचा वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. आर्णीवरून जाणाऱ्या नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावर किंवा कारंज्याहून समृद्धी महामार्गावर चढल्यावर ॲव्हरेज का पडतं, त्याचं हे उत्तर. छोट्या कारसाठी वरच्या गिअरमध्ये ६० ते ८० हा वेग खिशाला परवडणारा.

उतारावर न्यूट्रल करायची सवय अजून अनेकांना आहे. कार्बोरेटरच्या जमान्यात त्याने थोडं पेट्रोल वाचत असेल. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल जवळपास पूर्ण तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा लगाम सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. पुसदकडच्या चढ-उताराच्या रस्त्यावर ही सवय जिवावर बेतू शकते.

बाजारात गाडी उभी करून एसी चालू ठेवला तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जातं. कोणाची वाट पाहायची असेल तर सावलीत गाडी लावून इंजिन बंद करावं. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी पूर्ण जोरात लावण्यापेक्षा आधी दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी.

क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणं ही आणखी एक महागडी सवय. त्याने पेट्रोलही जातं आणि क्लच प्लेटही. टपावरचं रिकामं कॅरिअर वाऱ्याला अडवतं, काम नसेल तेव्हा उतरवून ठेवावं. डिक्कीत खताची पोती टाकून नेणारे अनेक आहेत. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं. चार पोती म्हणजे १८० किलो, तीन माणसांचं वजन. मागचे टायर, स्प्रिंग आणि ब्रेक या सगळ्यांवर त्याचा ताण येतो. फवारणीचं औषध तर बंद काचांच्या कारमध्ये माणसांसोबत, विशेषतः लेकरांसोबत, नेऊच नये.

हवा : सगळ्यात स्वस्त देखभाल

चाकात किती हवा हवी हे पंक्चरवाल्याला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा आकडा लिहिलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. गाडी पळून आल्यावर टायर तापतो आणि दाब आपोआप वाढतो. तो पाहून "हवा जास्त झाली" म्हणत काढून टाकली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समजही चुकीचा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.

चारही चाकांत एक पीएसआय हवा कमी असेल तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के घटतं. आकडा छोटा वाटतो, पण आठ-दहा पीएसआय कमी हवेवर फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. टायरही कडेने लवकर झिजतात.

टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर बदलायलाच हवा. नक्षी असूनही टायर म्हातारा असू शकतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ लिहिलं असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांचा, भेगा पडलेला टायर घेऊन समृद्धीवर १२० चा वेग गाठणं म्हणजे संकटाला आमंत्रण. स्टेपनीतली हवा पाहायला विसरू नका. ऐन वेळी तीच बसलेली निघते.

कूलंट : विदर्भाच्या उन्हातला खरा शत्रू

आपल्या भागात इंजिन खराब होण्याचं मोठं कारण गरम होणं हे आहे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी टाकायची सवय अजून गेलेली नाही. या पाण्यात क्षार असतात. भांड्याला बुडाशी पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी फिरेनासं होतं, आतून गंज धरतो आणि एका दुपारी काटा लालवर जातो.

कूलंट हे नुसतं पाणी थंड ठेवणारं औषध नव्हे. त्याने पाण्याचा उकळबिंदू वाढतो आणि गंजही रोखला जातो. तयार मिश्रण मिळतं ते थेट टाकावं. घट्ट कूलंट असेल तर पुस्तिकेतल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळावं. बाटलीवरच्या कमी आणि जास्त अशा दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. ती वारंवार उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. वरून भरत राहणं हा त्यावर उपाय नव्हे.

रस्त्यात काटा लालकडे गेला किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "दारव्हा पाच किलोमीटरच आहे, जाऊ तसंच" हा विचार सगळ्यात महाग पडतो. त्या पाच किलोमीटरमध्ये हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि शे-दोनशेच्या पाईपचं काम हजारोंच्या इंजिनकामावर जातं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा.

ऑईल, फिल्टर, बॅटरी आणि उंदीर

बहुतेक पेट्रोल गाड्यांचं इंजिन ऑईल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं असतं. "गाडी तर चारच हजार चालली" म्हणून दोन-दोन वर्षं तेच ऑईल ठेवणं चुकीचं. कमी चालणारी गाडी बहुधा छोट्या फेऱ्यांची असते, इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑईल लवकर बिघडतं. पांदण रस्त्याच्या धुळीत रोज चालणाऱ्या गाडीचं ऑईल तर आणखी लवकर बदललेलं बरं. ऑईल कोणतं, ०डब्ल्यू-२० की ५डब्ल्यू-३०, हे पुस्तिकेत असतं. "उन्हाळा आहे, जाड टाकू" असं म्हणून मनाने बदलू नका. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, सपाट जागेवर, डिपस्टिक काढून पातळी पाहावी.

एअर फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ते पुरतं खरं नाही. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेजवर फारसा फरक पडला नाही, गाडीची उचल मात्र कमी झाली. मग फिल्टर का बदलायचा? कारण काळ्या मातीची बारीक धूळ फाटक्या किंवा नीट न बसलेल्या फिल्टरमधून आत गेली की पिस्टन आणि सिलिंडर घासून काढते. फिल्टरचं काम पेट्रोल वाचवणं नाही, इंजिन वाचवणं आहे.

बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारते. त्रास मात्र डिसेंबरच्या सकाळी दिसतो, म्हणून सगळे थंडीला दोष देतात. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की उन्हाळा संपताच तपासून घ्यावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली तर गाडी बंद करून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने साफ करावी.

खेड्यात आणखी एक पाहुणा असतो, उंदीर. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी किंवा गोठ्याजवळ उभ्या गाडीत तो बॉनेटखाली ऊबेला बसतो आणि वायर कुरतडतो. गाडी चार दिवस उभी असेल तर सुरू करण्याआधी बॉनेट उघडून पाहावं. गाडीत खाण्याचे तुकडे ठेवू नयेत आणि जागा अधूनमधून बदलावी.

डिझेल, सीएनजी घ्यावं का?

डिझेल जास्त देते म्हणून अनेकांचा ओढा तिकडे असतो. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगात चालावी लागते. घर ते वावर आणि वावर ते बाजार एवढंच फिरणाऱ्याच्या गाडीत तो चोंदतो आणि खर्च मोठा येतो. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्यालाच डिझेलचा विचार परवडतो.

सीएनजी किलोमीटरमागे स्वस्त पडतं, पण गॅस भरायला किती दूर जावं लागेल आणि रांग किती असते हे आधी पाहावं. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, डिक्कीही अर्धी जाते.

पुराच्या पाण्यात एक पाऊलही नको

धावंडा, अरुणावती आणि गावोगावचे नाले तासाभराच्या पावसात फुगतात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी याच जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या दहागाव नाल्याच्या पुरात एसटी बस वाहून गेली होती. बससारखं जड वाहन जिथं टिकलं नाही तिथं कारची काय कथा? फूटभर वाहतं पाणी छोट्या कारला उचलायला पुरेसं असतं.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर सेल मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. हा बिघाड साध्या विमा पॉलिसीत अनेकदा धरला जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टोचन करून नेऊ द्या.

जुनी गाडी घेताना

जुन्या गाडीत किलोमीटरचा मीटर मागे फिरवलेला असू शकतो. मीटर ३५ हजार दाखवतो, पण क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि स्टेअरिंग घासलेलं असेल तर शंका घ्या. सर्व्हिसिंगची बिलं मागा. विमा कागदावर दावा किती वेळा झाला ते पाहा. गाडी थंड असतानाच सुरू करून पाहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर कारण विचारा.

कागदांत हलगर्जी नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हवं. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि गाडी विकल्याची माहिती त्याच राज्यात १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. "नावावर नंतर करू" म्हणून ठेवलेल्या गाडीचा अपघात झाला तर कागदावर नाव असलेला माणूस कोर्टाच्या चकरा मारतो. विकणाऱ्यालाच याची जास्त काळजी हवी.

खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी ते १०,००० केलं गेलं. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्यामागे हेही कारण असतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का तेही पाहावं. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव ठरवताना नव्या गाडीची आजची किंमत आधी विचारून घ्यावी.

किलोमीटरमागे खरा खर्च किती?

समजा, वर्षाला गाडी ८,००० किलोमीटर चालते, ॲव्हरेज १७ आहे आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं.

पेट्रोल : सुमारे ४९,४०० रुपये
विमा : ७,००० रुपये
सर्व्हिसिंग व किरकोळ काम : ८,००० रुपये
टायरची झीज : ३,२०० रुपये
बॅटरीचा वार्षिक वाटा : १,२०० रुपये
गाडीची उतरणारी किंमत : २५,००० रुपये

एकूण झाले ९३,८०० रुपये. किलोमीटरमागे पावणेबारा रुपयांच्या आसपास. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवावी. दिग्रसहून यवतमाळला जाऊन-येऊन, गावातला फेरफटका धरून, दीडशे किलोमीटर झाले तर पेट्रोल जातं सव्वानऊशेचं आणि खरा खर्च होतो साडेसतराशेचा. एकट्यालाच जायचं असेल तर एसटी बरी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. घरचे चौघं-पाच जण असतील किंवा आजारी माणूस असेल तेव्हा गाडी काढण्यात अर्थ आहे.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते. कसोशीने चालवून ॲव्हरेज १७ चं १८ केलं तर वर्षाला वाचतात सुमारे पावणेतीन हजार रुपये. ते वाचवावेतच. पण कूलंटकडे दुर्लक्ष करून एकदा इंजिन उघडावं लागलं तर अशा कित्येक वर्षांची बचत एका दिवसात जाते. शेतकऱ्याच्या घरी पैसा वर्षातून एक-दोनदा येतो आणि गाडी मात्र दर आठवड्याला मागते. म्हणून माल विकला की त्यातून वर्षभराचा विमा, सर्व्हिसिंग आणि टायरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवणारा मालक पावसाळ्यात अडचणीत येत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा

आठवड्याला : गाडीखाली तेल-पाण्याचा डाग, दिवे, वायपरचं पाणी.

पंधरा दिवसांनी : सकाळी थंड टायरमध्ये हवा, ऑईलची पातळी, कूलंटची बाटली, ब्रेक ऑईल.

महिन्याला : ॲव्हरेजची नोंद, स्टेपनी, जॅक आणि पाना, बॅटरीचे टर्मिनल.

मार्चअखेर : कूलंट, रेडिएटरचा पंखा, रबरी पाईप, एसी.

मेअखेर : वायपर, ब्रेक, टायरची नक्षी, दरवाज्यांची रबरं.

वर्षाला : ऑईल व फिल्टर, चाकांचं अलाईनमेंट-बॅलन्सिंग, विमा आणि पीयूसीची तारीख. पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड होतो, पण अपघात झाला तर भरपाईपोटी वावर विकायची वेळ येऊ शकते.

यातल्या बहुतेक कामांना ना मेकॅनिक लागतो ना पैसा. पंधरा दिवसांतून एकदा सकाळची दहा मिनिटं लागतात. तेवढी दिली तर रात्री दोन वाजता कोणी दार ठोठावलं तरी चावी फिरवताना गाडी सुरू होईल की नाही ही धाकधूक राहत नाही.